पोलंडचे पी-६४ पिस्तूल

कोणतेही शस्त्र ज्या राजवटीसाठी घडविले जाते, तिच्या गरजांची छाप त्याच्यावर उमटलेली असते. राजवट गेली तरी ती छाप पुसत नाही. साम्यवादी पोलंडने १९६५ साली सैन्यात घेतलेले पी-६४ हे पिस्तूल याचे बोलके उदाहरण होय. रादोम येथील कारखान्यात तयार झालेले हे छोटेखानी हत्यार लष्करी अधिकारी व पोलीस बाळगीत. १९९१ मध्ये वॉर्सा करार संपुष्टात आला. १९९९ मध्ये पोलंड नाटोत सामील झाले. नव्या गटाच्या प्रमाण काडतुसाशी मेळ नसलेली ही पिस्तुले शिलकी ठरली आणि त्यांपैकी पुष्कळशी अमेरिकेतील हौशी नेमबाजांच्या हाती पोचली.

त्याची रचना अगदी साधी आहे. नळी सांगाड्यात पक्की बसविलेली असून तिच्याभोवती स्प्रिंग असते. बार उडताच वायूचा दाब काडतुसाची पुंगळी मागे लोटतो. त्याला आवर घालतात ते केवळ वरच्या सरकत्या आवरणाचे वजन आणि स्प्रिंगचा ताण. साधेपणामुळे ते भरवशाचे झाले. परंतु पिस्तुलाचे वजन अवघे ६२० ग्रॅमच्या आसपास असल्याने हाताला बसणारा हिसका मात्र आकाराच्या मानाने फार तीव्र असतो. शिवाय, घोडा पाडलेला असता पहिल्या गोळीसाठी चाप ओढण्यास बोटाला मोठा जोर लावावा लागतो आणि त्या ओढाताणीत नेम ढळतो. आवरण मागे जाताना घोडा आपोआप उभारला जातो. म्हणून दुसऱ्या गोळीच्या वेळी तोच चाप पुष्कळ हलका लागतो. सराव करावयाचा तो दोन्हींचा, विशेषतः पहिल्या ओढीचा.

काडतुसाच्या नावानेही फसू नये. हे सोव्हिएत मकारोव्ह काडतूस ‘नऊ मिलिमीटर’ म्हणूनच ओळखले जाते. पण त्याची गोळी सुमारे ९.२ मिलिमीटर जाड आणि पुंगळी १८ मिलिमीटर लांब असते. नाटोच्या काडतुसाची गोळी किंचित बारीक, पुंगळी १९ मिलिमीटरची आणि दाब अधिक. एकाच्या जागी दुसरे वापरणे धोक्याचे आहे.

या शस्त्रामागे पूर्वी प्रशिक्षण होते, शिस्त होती, वरिष्ठांची देखरेख होती. शिलकी मालाबरोबर यांतले काहीच विकले जात नाही. कुलूपबंद कपाट, प्रत्येक वेळी नळी रिकामी असल्याची खातरजमा आणि चापापासून दूर ठेवलेले बोट, ही सारी शिस्त आता मालकाने स्वतःच स्वतःला लावून घ्यावयाची असते.