भोंगा कळतो, फोटोग्राफर कळत नाही

ब्रह्मपुरीच्या बसस्थानकावर संध्याकाळची गर्दी आहे. वडशाची गाडी अजून लागायची आहे. बाहेरच्या रस्त्यानं भोंगा लावलेली गाडी आज रात्रीच्या नाटकाचा पुकारा करत जाते. दिवाळी झाली, झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू आहे. भोंगा फाटका; निम्मी व्यंजनं हवेतच विरतात. कानी पडतो तो नुसता हेल, शेवटचं अक्षर लांबवत वर चढवलेला. तरी शेजारची म्हातारी सुनेला म्हणते, "आज नाटक आहे वो, आपल्याच बाजूले." गावाचं नावसुद्धा तिनं पकडलंय. मला ते कळलेलं नाही.

बाकावर दोन मुली एकच इअरफोन वाटून इंग्रजी ऐकताहेत. कसल्याशा परीक्षेची तयारी असावी. एक जण थांबवते, मागं नेते, पुन्हा ऐकते. "का म्हनला वो थो?" दुसरी एटापल्लीकडची, घरी माडिया बोलणारी, मराठीही तिनं शाळेतच कमावलेली. ती मान हलवते. मग इअरफोन माझ्याकडं येतो. शब्द निघतो फोटोग्राफर! पण बोलणारा 'फो' गिळतो, सगळा जोर 'टॉ'वर टाकतो आणि उरलेलं उरकतो: फटॉग्रफर. 'फोटो' शोधणाऱ्या कानाला त्यात फोटोच सापडत नाही. सांगितल्यावर पहिली हसते, "हा तं आपला फोटोग्राफरच!"

म्हातारीच्या कानाला भोंग्याचा हेल सवयीचा; मुलींच्या कानाला इंग्रजीचा जोर नाही. मराठीत जोर इकडचा तिकडं झाला तरी शब्द ओळखू येतो, कारण अक्षरं आपापला स्वर सोडत नाहीत. इंग्रजीत जोर गेला की स्वरही पुसट होतो. अ‍ॅन कटलर आणि डेनिस नॉरिस या मानसभाषाशास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये दाखवलं, की इंग्रजी कान जोरकस अक्षरापाशी शब्दाची सुरुवात धरतो. फ्रेंच कानाचा हिशेब वेगळा, जपानीचा आणखी वेगळा. १९९२ च्या एका अभ्यासात तर इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही सफाईनं बोलणाऱ्यांचा कानही एकाच भाषेच्या तालानं शब्द तोडताना आढळला. तेव्हा 'इंग्रजीवाले फार भरभर बोलतात' ही आपली तक्रार अर्धीच खरी; उरलेली अडचण आपल्या कानाच्या सवयीची.

मुली पुन्हा ऐकू लागतात. वहीत शब्दांची लांबलचक यादी आहे, अर्थांसकट. जोर कुठं द्यायचा, याची खूण एकाही शब्दावर नाही. स्पोकन इंग्लिशचे वर्ग घेणाऱ्यांनी एवढं तरी करावं: दर शब्दावर ती खूण करून द्यावी आणि टाळी देत तो म्हणवून घ्यावा.