पॅरिस आणि अ‍ॅमस्टरडॅम: तिकिटं काढण्याआधी

दोन शहरांची युरोप सहल आखताना बहुतेकांचे पैसे आणि वेळ वाया जातात ते शहरांच्या मधल्या प्रवासात. पॅरिस–अ‍ॅमस्टरडॅम या लोकप्रिय जोडीबद्दलचे हे काही समज तपासून घ्या.

गैरसमज: ज्या शहरात उतरलो, तिथूनच परतावं लागतं.
वस्तुस्थिती: विमानाचं बुकिंग करताना ‘मल्टी-सिटी’ हा पर्याय निवडा. मुंबईहून एअर फ्रान्सने पॅरिसला जायचं आणि अ‍ॅमस्टरडॅमहून केएलएमने परतायचं. या दोन्ही कंपन्या २००४ पासून एकाच समूहात आहेत, त्यामुळे हे एकाच तिकिटावर जमतं. पॅरिसला उलट येण्याचा खर्च आणि निम्मा दिवस वाचतो.

गैरसमज: दोन शहरांमध्ये विमानच लवकर पोचवतं.
वस्तुस्थिती: विमान हवेत सव्वा तासच असतं, पण विमानतळ गाठणं, सुरक्षा तपासणी आणि सामानाची वाट पाहणं यात अर्धा दिवस जातो. युरोस्टार पॅरिसच्या गार द्यू नॉर स्टेशनवरून निघून साधारण साडेतीन तासांत अ‍ॅमस्टरडॅमच्या ऐन मध्यात सोडते. दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात असल्यामुळे या गाडीसाठी इमिग्रेशनची रांग नसते.

गैरसमज: रेल्वेचं तिकीट आयत्या वेळी काढलं तरी चालतं.
वस्तुस्थिती: युरोस्टारचं भाडं विमानासारखंच मागणीनुसार चढतं. युरेल पास असला तरी सीटचं आरक्षण सक्तीचं आहे, त्याचे पैसे वेगळे लागतात आणि पासधारकांच्या जागाही मोजक्याच असतात. याउलट अ‍ॅमस्टरडॅम ते स्किपोल विमानतळ या लोकल गाडीचं भाडं ठरलेलं असतं. बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड चढताना आणि उतरताना टॅप केलं की झालं. मात्र प्रत्येक प्रवाशाला स्वतंत्र कार्ड लागतं.

गैरसमज: विमानाला उशीर झाला, तर पुढची गाडी कंपनी बघून घेईल.
वस्तुस्थिती: वेगवेगळी काढलेली तिकिटं म्हणजे वेगवेगळे करार. विमान उशिरा उतरल्यामुळे गाडी चुकली, तर नवं तिकीट सहसा तुमच्याच खिशातून. म्हणून उतरल्या दिवशी पॅरिसमध्येच मुक्काम करा आणि शेवटची रात्र अ‍ॅमस्टरडॅममध्ये काढा. परतीच्या विमानाच्या दिवशी पॅरिसहून गाडी पकडण्याचा धोका पत्करू नका.

गैरसमज: विमान जिथे उतरतं, व्हिसा त्याच देशाचा.
वस्तुस्थिती: सहलीसाठी जाताना ज्या देशात जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा. दिवस सारखे असतील, तरच पहिल्या प्रवेशाचा देश धरतात. आणि ऐन वेळी लंडन जोडायचा मोह झाला, तर शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही.

म्हणून आधी कोणत्या शहरात किती रात्री राहायचं हे पक्कं करा, मग विमान ठरवा आणि त्यावर गाडीची वेळ बसवा. घरचे ज्येष्ठ आणि लहान मुलं सोबत असतील, तर हा क्रम अजिबात मोडू नका.