कागदावरून कापडावर

जयपूरहून आग्र्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहरापासून सुमारे १५ किलोमीटर अंतरावर कानोता हे गाव आहे. या लहानशा जहागिरीचे अमरसिंह यांनी १८९८ पासून १९४२ मध्ये मृत्यू येईपर्यंत रोजनिशी लिहिली. तिचे ८९ खंड झाले. अभ्यासकांना ती मोलाची वाटते, याचे कारण तीत मोठ्या घटना आहेत हे नव्हे, तर ती नित्य लिहिली गेली हे होय. चित्रकाराची रेखाटनवही हीदेखील अशीच एक रोजनिशी असते. जयपूरच्या आसपासच्या गावांत राहून पुस्तकांसाठी चित्रे काढणारा आणि कापडासाठी नमुने तयार करणारा कलावंत सकाळचे ऊन तापण्यापूर्वी वही उघडतो. कधी मोहरीचे एखादे फूल, कधी खेजडीची शेंग, तर कधी कुंपणावर बसलेला मोर तो कागदावर उतरवितो. यांतील फारच थोडे पुढे कापडावर जाते.

पुस्तकातील चित्र आणि कापडावरील नमुना यांची प्रकृती मुळातच भिन्न आहे. चित्राला चौकट असते. डोळा कोठे थांबावा हे चित्रकार ठरवू शकतो. कापडाला अशी चौकट नसते. कागदावर एकटे डौलदार दिसणारे फूल शेकडो वेळा शेजारी शेजारी उमटले, की त्याचा किंचित कललेला देठ सगळ्या कापडाला तिरपे करून टाकतो. दोन बुट्ट्यांमधील मोकळ्या जागा एका ओळीत आल्या, तर कापडावर नको असलेले पांढरे पट्टे दिसू लागतात. एका बुट्टीत ते कधीच दिसले नसते. म्हणून नमुनाकार आपले चित्र चौफेर जोडून, दूर भिंतीवर टांगून पाहतो आणि पुन्हा खोडतो. नवख्याला वाटते की त्याचा दिवस नवीन कल्पना सुचण्यात जात असेल. वस्तुतः तो बहुतांशी या जुळवाजुळवीत जातो.

चित्रकलेतून कापडाकडे वळलेल्यांत ब्रिजित सिंह यांचे उदाहरण बोलके आहे. या फ्रेंच चित्रकर्तीला लघुचित्रशैली शिकण्यासाठी इराणमधील इस्फहानला जावयाचे होते. तेथील राज्यक्रांतीमुळे ते शक्य झाले नाही आणि १९८० मध्ये त्या जयपुरास आल्या. लघुचित्रांना योग्य असा कागद शोधत असता सांगानेर येथे ठशांची छपाई त्यांच्या दृष्टीस पडली. पुढे आमेर येथे त्यांनी स्वतःचा छापखाना उभारला. मोगल अलंकरणातील खसखशीच्या फुलाला त्यांनी कापडावर दिलेले रूप विशेष प्रसिद्ध आहे. लघुचित्रकाराला एका पाकळीच्या कडेसाठी तासभर खर्च करण्याची सवय असते. ती सवय येथे वाया गेली नाही, एवढे नक्की म्हणता येईल.

परंतु ती पाकळी कापडावर उमटवणारा हात चित्रकाराचा नसतो. नमुना पक्का झाला, की तो ठसे कोरणाऱ्याकडे जातो. शिसम किंवा सागवान लाकडाचा तुकडा घासून सपाट करतात, त्यावर पांढरा लेप देतात आणि टोकदार सुईने नमुना त्यावर उतरवून घेतात. मग बारीक पटाश्या आणि कमानीने फिरणारा सामता यांच्या साहाय्याने नको असलेले लाकूड काढून टाकले जाते. प्रत्येक रंगाला निराळा ठसा लागतो. बाह्यरेषेच्या ठशाला रेख, पार्श्वभूमी भरणाऱ्याला गद आणि आतील रंग भरणाऱ्याला दत्ता म्हणतात. ठशाला आरपार छिद्रे ठेवतात. त्यांतून अडकलेली हवा निघून जाते. तयार ठसे काही दिवस तेलात बुडवून ठेवावे लागतात, अन्यथा लाकूड तडकण्याचा संभव असतो.

येथेच चित्रकाराच्या स्वातंत्र्याची किंमत दिसू लागते. कागदावर केसाएवढी बारीक रेषा ओढावयास क्षणही लागत नाही. लाकडात तीच रेषा दोन्ही बाजूंचे लाकूड काढून उभी ठेवावी लागते, आणि अतिशय पातळ भिंत छपाईच्या ठोक्याखाली लवकर तुटते. अनुभवी कोरणारा नमुना हातात घेताच कोणती रेषा टिकणार नाही ते सांगतो. त्याचे ऐकून रेषा जाड करणे म्हणजे कलेशी तडजोड, असे काही चित्रकारांना वाटते. हा समज चुकीचा आहे. लाकडाला न मानवणारी रेषा ठशाच्या कलेत सुंदर ठरूच शकत नाही.

रंगांचेही असेच आहे. ११० सेंटीमीटर पन्हा असलेले पाच मीटर कापड आणि दहा सेंटीमीटरचा चौरस ठसा, असा हिशेब घेऊ. रुंदीत ११ आणि लांबीत ५०, म्हणजे एका रंगासाठी ५५० ठोके. पाच रंगांची बुट्टी असेल, तर २,७५० वेळा ठसा रंगात बुडवून, कोपऱ्यातील खुणेच्या ठिपक्यावर नेमका ठेवून, वर मुठीचा प्रहार करावा लागेल. ज्या छापखान्यांत मजुरी मीटरवर ठरते, तेथे चित्रकाराने हौसेने वाढविलेला सहावा रंग छपाई करणाऱ्याच्या दिवसाच्या कमाईतून वजा होतो. त्या प्रमाणात दर वाढवून दिला, तरच ही तूट भरून निघते. उत्तम नमुनाकार म्हणूनच छपाईच्या मेजाशी उभा राहून काम पाहतो. तीन रंगांत काम भागत असेल, तर चौथा तो मागत नाही.

जयपूरच्या परिसरात या कामाच्या दोन ठळक परंपरा आहेत. सांगानेरची ओळख पांढऱ्या किंवा फिकट जमिनीवरील नाजूक फुलांची आहे. अजमेरच्या रस्त्यावरील बगरू येथे काळा व लाल हे रंग प्रमुख. तेथे कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवितात. लोखंड आणि गूळ आंबवून केलेल्या द्रवाने काळी रेघ उमटते, तुरटीच्या लेपाने छापलेला भाग रंगाच्या कढईत उकळल्यावर लाल होतो. तुरटीचा ठसा उमटविताना खरा लाल रंग दिसत नाही; तो पुढे दिसेल अशा भरवशावर छपाई चालते. माती, चुना आणि डिंक यांच्या चिखलाने कापडाचा भाग झाकून नंतर ते निळीत बुडविण्याच्या पद्धतीस दाबू म्हणतात. चिखल उन्हात सुकावा लागत असल्याने पावसाळ्यात हे काम अडते. कागदावर रंगविलेली छटा जशीच्या तशी कापडावर यावी, हा हट्ट येथे कोणी धरीत नाही.

हे काम करणारा छिपा समाज आपले नाते संत नामदेवांशी सांगतो. शिंपी नामदेव ज्यांना परिचित आहेत, अशा मराठी वाचकाला सुईदोऱ्याचा संत रंगाऱ्यांचाही आहे हे वाचून आनंद वाटेल.

गेल्या काही दशकांत सांगानेरच्या पुष्कळ छापखान्यांनी लाकडी ठसे सोडून जाळीच्या चौकटींची छपाई स्वीकारली. तिची गती अधिक, खर्च कमी. रासायनिक रंगांच्या सांडपाण्याने तेथील पाण्याचीही हानी झाली आहे. त्याहून चमत्कारिक प्रकार म्हणजे ठशांतील किंचित सरकलेली रेषा आणि जोडावरील दुहेरी छटा यांची यंत्राने हुबेहूब नक्कल करून ते कापड हातछपाईचे म्हणून विकले जाते. सांगानेरी आणि बगरू या दोन्ही छपायांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तथापि मानांकनाने गावाच्या नावाचे रक्षण होते. एखाद्याने गेल्या हिवाळ्यात काढलेल्या फुलाचे होईलच असे नाही. नवा नमुना बाजारात आल्यावर थोड्याच दिवसांत त्याची नक्कल शेजारच्या दुकानात दिसणे, हा नमुनाकाराच्या जीवनातील नित्याचा अनुभव होय. कोरणाऱ्याचे नाव तर मूळ कापडावरही बहुधा नसते. आमेर येथील एका जीर्णोद्धार केलेल्या हवेलीत २००५ साली सुरू झालेल्या अनोखी हातछपाई संग्रहालयात कोरणारे व छापणारे कारागीर प्रेक्षकांसमोर बसून काम करतात. कापडाच्या मागचा हात पाहण्याची ही एक सोय आहे.

ठसा कितीही जपला, तरी वापराने झिजतो. कडा बोथट होतात, रेषा फुगतात. जुन्या ठशाच्या छापावरून नवा कोरला, तर ती फुगलेली रेषाच कोरली जाते आणि दोनतीन पिढ्यांनंतर खसखशीच्या फुलाचा नुसता गोळा उरतो. तेव्हा नमुनाकार कपाटातील मूळ चित्र काढतो, मेजावर पसरतो आणि कोरणाऱ्याला बोलावून घेतो.