वर्गाबाहेरचा वर्ग

शाळेंतील पाठ घरींही चालू राहावा, लाजाळू मुलासही शंका विचारतांना संकोच वाटूं नये, ही इच्छा कोणत्या पालकास नसते? याच हेतूनें शिकागोच्या परिसरांतील शाळांत काम करणाऱ्या निक बोर्ग व जेफ ओ'हारा यांनीं २००८ सालीं 'एडमोडो' हें साधन इंटरनेटवर सुरू केलें. शिक्षकानें दिलेल्या संकेतांकावांचून त्यांतील वर्गांत प्रवेश नसे. विद्यार्थ्यांस परस्परांस खासगी निरोप धाडतां येत नसत. सोय उत्तम, शिवाय शिक्षकांस फुकट!

परंतु फुकटाचें मोलही कोणीतरी देतोच. २०१७ सालीं तेथील सुमारें ७ कोटी ७० लक्ष खात्यांची माहिती चोरीस गेली. सप्टेंबर २०२२ मध्यें तें साधनच बंद पडलें. पालकांच्या योग्य संमतीवांचून मुलांची माहिती घेऊन ती जाहिरातींसाठीं वापरल्याच्या आरोपावरून २०२३ सालीं अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें ६० लक्ष डॉलरांचा दंड ठरविला. कंपनीची ऐपत नसल्यानें तो तहकूब राहिला. संमती मिळविण्याचा भार कंपनीनें शिक्षकांवर ढकलला, असाही त्या सरकारी खात्याचा आक्षेप होता.

म्हणून अशीं साधनें टाकून द्यावीं, असें आमचें म्हणणें नाहीं. वर्गांत मुका राहणारा मुलगा तेथें बोलका होत असेल, तर तो लाभ लहान नव्हे. मात्र मुलाचें नांव नोंदविण्यापूर्वीं घरांतील वडीलधाऱ्यांनीं शाळेस तीन प्रश्न अवश्य विचारावे : माहिती कोणती घेतां, ती कोणाच्या हातीं जाते, आणि साधन बंद पडल्यास तिचें काय होतें? गुरूवर विश्वास असावा. पण मुलांच्या राखणीचें काम आपलें आपणच केलें पाहिजे.