खुबा जागेवर

टेबलावर चिंगी कुत्री उजव्या कुशीवर झोपली आहे. घशातल्या नळीतून आयसोफ्लुरेनची भूल चालू. डावा मागचा पाय कमरेपासून गुडघ्याखालपर्यंत भादरलेला. चीर पडणार जेमतेम दोन सेंटिमीटरची, पण हजामत एवढी मोठी!

टेम्पोची धडक बसली आणि मांडीच्या हाडाचा गोळा उखळीतून निसटून वर, पुढच्या बाजूला सरकला. कुत्र्यांचा खुबा बहुतेक वेळा असाच निखळतो. पाय आखूड दिसतो, गुडघा बाहेर वळतो. भूल देऊन, ओढून एकदा बसवला होता, पाय पट्टीत बांधलाही होता. पुन्हा निसटला. गोळ्याला उखळीशी धरणारा अस्थिबंध तुटला की तो जुळून येत नाही.

शिशाचे जड एप्रन घालून आम्ही सगळे उभे. डॉक्टर पाय ओढतात, पिळतात, दाबतात. खट्‌! सी-आर्म या क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर गोळा उखळीत दिसतो.

"आता कुणी हलू नका."

मांडीच्या बाहेरच्या अंगाने बारीक तार हाडात शिरते. डॉक्टर कुत्रीकडे बघतच नाहीत. हात चिंगीवर, नजर पडद्यावर. तार हाडाच्या मानेतून गोळ्याच्या मधोमध पोचते, तिच्यावरून ड्रिल. घरघर अचानक हलकी होते आणि डॉक्टर तिथल्या तिथे थांबतात. उखळीचा तळ पातळ असतो, पलीकडे लगेच गुदाशय. चीर लहान म्हणजे ऑपरेशनही लहान, असं वाटणाऱ्यांनी हा क्षण बघावा.

त्या बोगद्यातून दोरा ओवलेली धातूची इवलीशी कांडी आत ढकलली जाते. पलीकडे निघाल्यावर दोरा ताणला की ती दारामागच्या अडसरासारखी आडवी बसते. दोऱ्याची टोकं बाहेर बटणावरून घट्ट बांधली जातात. डॉक्टर पाय सगळीकडे फिरवून बघतात. गोळा जागचा हलत नाही.

बाहेर चिंगीला सांभाळणाऱ्या काकू उभ्याच आहेत.

"दोरा जन्मभर टिकायला नकोच," डॉक्टर सांगतात. "सांध्याभोवतीचं आवरण भरून येईपर्यंत त्यानं धरायचं. सहा आठवडे उड्या नाहीत, जिने नाहीत. शी-शूला पट्ट्यानेच न्यायचं."

"आमचं घर तिसऱ्या मजल्यावर हो! अठरा किलोचं हे धूड रोज उचलायचं कुणी?"

"मुलगा आहे ना घरी?"

"आहे की. पण आधी त्याला उठवायचं कुणी?"