पहिले साडेचार तास आणि त्यानंतर

बीड जिल्ह्यात ‘अंगावरून वारं गेलं’ एवढं सांगितलं की पुढचं कुणी विचारत नाही. हात-पाय गेलेला माणूस सगळ्यांना दिसतो, कळतो. त्याच झटक्यात ज्याची वाचा बसली त्याच्याबद्दल मात्र गावात दोनच मतं असतात: ‘आता ह्याला काही कळत नाही’ किंवा ‘येईल हळूहळू’. पन्नास वर्षांत जिल्ह्यातली दवाखान्यांची सोय बरीच बदलली. ही दोन मतं फारशी हलली नाहीत.

पन्नास वर्षं मोजायची ती जिल्ह्यातल्याच अंबाजोगाईपासून. निजामाच्या काळात इथल्या माणसाला मोठा दवाखाना म्हणजे हैदराबादचा उस्मानिया. १९५६ साली औरंगाबादला वैद्यकीय महाविद्यालय झालं आणि १९७४ साली अंबाजोगाईला, तेही मुद्दाम ग्रामीण भागासाठी. आज ते स्वामी रामानंद तीर्थांच्या नावानं ओळखलं जातं. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आणि दासोपंतांची पासोडी ज्या गावात, तिथंच भाषा हरवलेल्या माणसांची तपासणी होऊ लागावी, हा योगायोग. त्यातून काही अर्थ काढू नये.

त्या काळी मेंदूचा फोटो काढायची सोय नव्हती. सीटी स्कॅनचा पहिला रुग्ण लंडनमध्ये १९७१ साली तपासला गेला होता, पण ते यंत्र आपल्याकडच्या जिल्ह्यांत पोचायला बरीच वर्षं जायची होती. डॉक्टर बाहेरूनच आत वाचत. उजवा हात पडलाय, बोलता येत नाही, म्हणजे इजा मेंदूच्या डाव्या बाजूला. या वाचनाची सुरुवात १८६१ सालची. पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी लबोर्न नावाच्या रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला. बोललेलं त्याला बरंचसं कळायचं, तोंडातून मात्र ‘तां’ एवढाच आवाज यायचा. पुढं १८७४ साली अवघ्या सव्वीस वर्षांच्या कार्ल व्हेर्निके यांनी उलटी तऱ्हा मांडली: माणूस भरभर बोलतो, पण शब्दांना अर्थ नसतो आणि समोरच्याचं बोलणं त्याला उमगत नाही.

ही दुसरी तऱ्हा आपल्याकडं जास्त घात करते. अशा रुग्णाचे हात-पाय बहुधा शाबूत असतात. सकाळी उठून चांगला चालतो-फिरतो आणि भलतंसलतं बोलतो. घरच्यांना लकव्याची शंकाही येत नाही. वेड लागलं, बाहेरचं झालं, असं धरून आधी देवऋषी, मग मानसोपचाराचा दवाखाना आणि शेवटी स्कॅन. तोवर वेळ गेलेली असते.

ती वेळ आता तासांत मोजली जाते. रक्ताची गाठ विरघळवणाऱ्या इंजेक्शनाचा उपयोग १९९५ साली सिद्ध झाला, तेव्हा मर्यादा तीन तासांची होती. २००८ साली ती साडेचार तासांवर गेली. नळी घालून गाठ ओढून काढायच्या उपचाराला २०१५ साली भक्कम आधार मिळाला. महाराष्ट्रात १०८ची रुग्णवाहिका २०१४ साली धावू लागली. त्याआधी २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेल्या सरकारी उपचारांच्या जीवनदायी योजनेत बीड नव्हतं; राज्यभर विस्तार झाला तेव्हा, २०१३च्या नोव्हेंबरात, ते आलं. हे सगळं खरंच मोठं आहे. अडचण एवढीच की ‘त्रास कधी सुरू झाला?’ या पहिल्या प्रश्नाचं उत्तर ज्याला ठाऊक, त्याचीच वाचा गेलेली असते.

आणि माणूस गावात तरी कुठं असतो? दसरा-दिवाळी झाली की जिल्ह्यातल्या तालुक्यातालुक्यांतून ऊसतोडीचा कोयता निघतो सांगली, कोल्हापूरकडं, नाहीतर कर्नाटकात. उसाच्या फडावर झटका आला तर परका तालुका, परका दवाखाना आणि अंगावर मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल. या धंद्यातला बराचसा हिशेब तोंडी. किती उचल घेतली, किती फिटली, किती टन तोडलं, सगळं डोक्यात. वाचाघातात, म्हणजे मेंदूच्या इजेनं भाषा बिघडते तेव्हा, आकड्यांचे शब्दही घसरतात. मनात पन्नास असतात, तोंडातून पाच येतात. त्याहून वाईट म्हणजे ‘हो’ आणि ‘नाही’ यांची अदलाबदल. माणसाला नकार द्यायचा असतो आणि मान होकारार्थी हलते. हे दवाखान्यातल्या खाटेवर झालं तर घरचे हसून सोडून देतात. उचलीच्या हिशेबात किंवा जमिनीच्या फेरफारापुढं अंगठा देताना झालं, तर ते कागदावर कायमचं बसतं. आपल्याकडं या आजाराची चर्चा नेहमी मायेच्या सुरात होते. ती व्यवहाराच्या सुरात व्हायला हवी होती.

उपचाराचा इतिहास दूरच्या देशांतला. दुसऱ्या महायुद्धात डोक्याला गोळी लागलेल्या सोव्हिएत सैनिकांवर अलेक्झांडर लुरिया यांनी काम केलं आणि शाबूत राहिलेल्या क्षमतांच्या आधारानं बोलणं पुन्हा उभं करायची पद्धत बसवली. त्याच्याही आधी, १७४५ साली, स्वीडनमधल्या ओलोफ डालिन यांनी बोलणं गेलेला, पण स्तोत्रं गाऊ शकणारा माणूस नोंदवून ठेवला होता. आपल्या घरांत हे रोज दिसतं. पाणी मागता येत नाही, पण हरिपाठ सुरू झाला की म्हातारा सुरात सूर मिसळतो. राग आला की शिवी स्वच्छ येते. मग सून म्हणते, ‘हे नाटक करतात.’ नाटक नसतं. पाठ झालेलं बोलणं आणि त्या क्षणी जुळवायचं बोलणं यांत मेंदूचं काम वेगळं पडतं. बोस्टनच्या मंडळींनी १९७३ साली याच धाग्यावर सुरावटीची उपचारपद्धत मांडली. ती शिकवलेल्या वाक्यांपुरती चांगली चालते. नव्या वाक्यांपर्यंत तिचा हात सहज पोचत नाही.

महाराष्ट्रात वाचा-उपचाराचं शिक्षण मुंबईत रुजलं. १९८३ साली वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावानं राष्ट्रीय संस्था निघाली. हे अली यावर जंग मूळ हैदराबाद संस्थानातले, पुढं महाराष्ट्राचे राज्यपाल. म्हणजे नाव आमच्या जुन्या संस्थानातलं आणि संस्था बीडपासून सुमारे चारशे किलोमीटरवर. शिकून निघालेली मुलं शहरांतच राहतात आणि त्यांच्यापुढं रांग असते ती प्रामुख्यानं ऐकू न येणाऱ्या मुलांची.

‘सहा महिन्यांत आलं तेवढं खरं’ हे गावात सगळे सांगतात, कधीकधी डॉक्टरही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या चाचणीत सहा महिने उलटून गेलेल्या रुग्णांना तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास उपचार दिले आणि त्यांचा रोजचा संवाद सुधारला. त्याच वर्षी भारतातल्या १४ रुग्णालयांतली १,२५० रुग्णांची चाचणी आली. लकव्यानंतरचे व्यायाम घरच्यांना शिकवून भागेल का, हा तिचा प्रश्न होता. मृत्यू आणि परावलंबन यांत फरक पडला नाही. ती चाचणी केवळ वाचेची नव्हती, हे खरं. तरी ‘घरचे करतील’ यावर सगळा भार टाकणाऱ्यांनी ती वाचायला हवी. जर्मनीत गुण आला तो तज्ज्ञाच्या तासांचा.

कायदा मात्र पुढं गेला. १९९५च्या अपंगांविषयीच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यांत वाचाघात नव्हता. २०१६च्या कायद्यात एकवीस आले आणि वाणी व भाषा दिव्यांगत्वाच्या व्याख्येत त्याचं नाव घेऊन उल्लेख झाला. त्याचं प्रमाण ठरवायचं तर वेस्टर्न अफेझिया बॅटरी ही अँड्र्यू कर्टेझ यांची चाचणी आहे. तिच्या मूळ चित्रात तळ्याकाठी सहलीला आलेलं जोडपं, शिडाची होडी, फडकणारा झेंडा. भारतीय भाषांत तिची रूपांतरं करावी लागली ती याचसाठी. धारूरच्या माणसाला शिडाच्या होडीचं नाव आलं नाही तर दोष मेंदूचा धरायचा की चित्राचा?

घरोघर याच्या उलट टोकाची चूक होते: अंकलिपी आणून साठ वर्षांच्या माणसाकडून ‘अ अननसाचा’ म्हणवून घेतात. तो चिडतो, आणि बरोबर चिडतो. चांगला उपचारक घरचेच फोटो मागवतो: बैलजोडी, नातवंडं, मुकादमसुद्धा. २०२० नंतर हे फोनवरूनही होऊ लागलं. पण हंगामात बऱ्याच घरांत म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरंच मागं असतात, आणि घरातला एकुलता स्मार्टफोन आईबापांबरोबर फडावर गेलेला असतो.