चावी कुणाच्या खिशात?

खामगावच्या सराफ्यात जोडवी घ्यायला गेलेले गिऱ्हाईक चांदी वितळवून पाहत नाही. चांदीच्या शुद्धतेसाठी खामगावचे नाव बुलडाणा जिल्ह्याबाहेरही घेतले जाते. म्हणून ते वजन आणि छाप पाहते, पैसे देते आणि घरी जाते. पैशांचेही असेच आहे. आठवडी बाजारातल्या भाजीवाल्या मावशी आपली शंभराची नोट घेतात, त्या रिझर्व्ह बँकेवर विसंबून. आता त्यांच्या तराजूशेजारी क्यूआर कोडचा चौकोनही असतो. तिथे त्या बँकेच्या वहीवर विसंबतात.

मग वर्गातला एखादा विद्यार्थी विचारतो, ‘सर, बिटकॉइनने वह्या का नाही घेता येत?’ ‘ते बेभरवशाचे आहे’ असे सांगून विषय मिटवता येईल. पण घरच्या मोबाइलवर ‘महिन्यात पैसे दुप्पट’ अशा जाहिराती येतच राहतात आणि त्यांना भुलून घराची बचत जाऊ शकते. तेव्हा ही यंत्रणा कशी चालते ते समजून घेतलेले बरे. हे चलन सामान्य गिऱ्हाइकाला सोपे करायचे म्हणजे नेमके काय करायचे? आणि त्या सोपेपणाची किंमत कोण मोजते?

सगळ्यांकडे एकच वही

बँकेत आपल्या खात्याची वही बँक लिहिते. बिटकॉइनमध्ये अशी बँक नाही. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ऑक्टोबर २००८ मध्ये एक टिपण प्रसिद्ध झाले आणि ३ जानेवारी २००९ रोजी या चलनाच्या वहीचे पहिले पान तयार झाले. या वहीची प्रत जगभरच्या हजारो संगणकांवर असते. मग कुणी आपल्या प्रतीत खाडाखोड केली तर?

हे वर्गात करून पाहता येते. पाच विद्यार्थ्यांना वह्या द्या. प्रत्येक नोंदीपुढे एक ‘पडताळा’ लिहायचा. त्याचा नियम असा : मागचा पडताळा अधिक नवी रक्कम, या बेरजेला ७ ने गुणायचे आणि शेवटचे दोन अंक घ्यायचे. सुरुवातीचा पडताळा ११ धरा. नोंदी ३०, ४५ आणि २० रुपयांच्या आहेत. पहिल्या नोंदीसाठी (११ + ३०) × ७ = २८७, म्हणून पडताळा ८७. पुढचे दोन येतात २४ आणि ०८.

आता एकाने गुपचूप पहिल्या नोंदीत ३० चे ५० केले असे समजा. पडताळे होतात २७, ०४ आणि ६८. बदल एकाच ठिकाणी केला, पण पुढचे सगळे आकडे बिघडले. बाकी चौघांच्या वह्यांशी ताडून पाहताच लबाडी उघडी पडते.

खऱ्या यंत्रणेत गुणाकाराऐवजी पुष्कळ गुंतागुंतीचे गणित असते. शिवाय प्रत्येक नवे पान जोडण्यापूर्वी संगणकांना एक कोडे सोडवावे लागते. त्याला आडवाट नाही, एकामागून एक आकडे घालून पाहावे लागतात. ज्याला उत्तर आधी सापडते त्याला नवी बिटकॉइन मिळतात. कोड्याची काठिण्यपातळी अशी ठेवलेली असते की सरासरी दहा मिनिटांनी एक पान भरावे. जुने पान बदलायचे तर पुढच्या प्रत्येक पानाचे कोडे पुन्हा सोडवावे लागेल. म्हणून खाडाखोड फार महाग पडते. मात्र या कोड्यांपायी प्रचंड वीजही खर्च होते.

वहीतले पैसे आपले आहेत हे सिद्ध करण्यासाठी प्रत्येकाकडे एक गुप्त संख्या असते. ती जवळपास ७८ अंकी असू शकते. तिला ‘चावी’ म्हणू. ती ज्याच्याकडे, पैसे त्याचे. चावी हरवली तर पैसे वहीत दिसत राहतात, पण खर्च करता येत नाहीत. चोरीला गेली तर तक्रार ऐकून नोंद फिरवणारा कुणी नसतो.

बाजारात गाडी कुठे अडते?

२२ मे २०१० रोजी अमेरिकेत एकाने १०,००० बिटकॉइन देऊन दोन पिझ्झा घेतले. या चलनाने केलेली ही पहिली प्रसिद्ध खरेदी. पुढे एकेका बिटकॉइनची किंमत लाखो रुपयांच्या घरात गेली. इथेच पहिली अडचण दिसते. उद्या जास्त किंमत येईल असे वाटले तर गिऱ्हाईक आज खर्च करत नाही आणि उद्या कमी येईल असे वाटले तर दुकानदार घेत नाही. सोयाबीन विकून आलेल्या पैशातून पुढच्या महिन्यात खत घ्यायचे असेल, तर तोवर त्या पैशाची किंमत टिकायला हवी.

दुसरी अडचण वेगाची. बिटकॉइनच्या वहीत सेकंदाला सुमारे सातच व्यवहार मावतात. आपल्याकडे यूपीआयने मे २०२५ मध्ये १,८६८ कोटी व्यवहार झाले. विद्यार्थ्यांना भागाकार करायला सांगा. एकतीस दिवसांच्या सेकंदांनी भागले की उत्तर येते सेकंदाला सरासरी सुमारे सात हजार, म्हणजे हजारपट.

तिसरी अडचण कायद्याची. भारतात बिटकॉइन बाळगणे गुन्हा नाही, पण ते कायदेशीर चलन नाही, त्यामुळे दुकानदाराने ते घेतलेच पाहिजे असे नाही. १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेवरच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. समजा, १,००० रुपयांना घेतलेला बिटकॉइनचा तुकडा १,५०० रुपयांचा झाला आणि तो देऊन बूट घेतले. कायद्याच्या दृष्टीने ही विक्रीच. ५०० रुपये नफ्यावर १५० रुपये कर झाला, वर उपकर वेगळा. वही-पेन घेतानाही असा हिशेब कोण ठेवणार?

सोपे करण्याच्या तीन वाटा

वेगासाठी ‘लायटनिंग’ नावाची व्यवस्था निघाली. किराणा दुकानातल्या खात्याच्या वहीसारखीच तिची कल्पना आहे. रोजच्या नोंदी दोघांत होतात, मोठ्या वहीत फक्त शेवटचा हिशेब जातो. फरक एवढाच की इथे उधारी नसते, रक्कम आधीच बाजूला ठेवलेली असते.

किंमत स्थिर राहावी म्हणून डॉलरशी बांधलेली नाणी निघाली. पण बांधणारी दोरी किती मजबूत, हा प्रश्न उरतोच. टेरायूएसडी हे नाणे एका डॉलरचे राहील असे सांगितले जात होते. मे २०२२ मध्ये काही दिवसांतच ते कोसळले.

तिसरी वाट सर्वांत सोपी वाटते. चावी आपण सांभाळायचीच नाही, एखाद्या कंपनीकडे ठेवायची. मोबाइलवर नाव आणि परवलीचा शब्द घातला की काम झाले. पण मग ज्या मध्यस्थाला वगळण्यासाठी एवढा खटाटोप केला, तोच परत आला. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय क्रिप्टोबाजारातून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि ग्राहकांचे पैसे अडकून पडले. बँक बुडाली तर ठेवीदाराला पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. इथे तसे काही नव्हते.

सरकारने जोर लावला तर? एल साल्वादोर या देशाने ७ सप्टेंबर २०२१ पासून बिटकॉइनला कायदेशीर चलन केले. सरकारी अ‍ॅप घेणाऱ्याला ३० डॉलरचे बिटकॉइन दिले. ते संपल्यावर बहुतेकांनी वापर थांबवल्याचे अभ्यासकांना आढळले. जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलून ते स्वीकारणे दुकानदाराच्या मर्जीवर सोडण्यात आले.

भारताने वेगळी वाट धरली. यूपीआयमध्ये चलन रुपयाच राहिले, फक्त देण्याची रीत सोपी झाली. १ डिसेंबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने सामान्यांसाठी ई-रुपयाची चाचणीही सुरू केली. तो कायदेशीर चलन आहे आणि यूपीआयच्याच क्यूआर कोडवर देता येतो. मात्र त्याची मुख्य वही रिझर्व्ह बँकेच्या हाती असते, त्यामुळे आपल्या खर्चाची माहिती कोण पाहणार हा प्रश्न तिथे विचारावाच लागतो.

तात्पर्य काय? पैशाचा वापर सोपा होतो तेव्हा विश्वास ठेवण्याची गरज संपत नाही, ती फक्त एकाकडून दुसऱ्याकडे जाते. खामगावच्या चांदीवर छाप कुणाची हे आपण पाहतो, तसे इथेही पाहावे. म्हणून विद्यार्थ्यांना तीन प्रश्न शिकवू या : चावी कुणाकडे आहे? चूक झाली तर दाद कुणाकडे मागायची? आणि नुकसान झाले तर ते कुणी सोसायचे? ‘पैसे दुप्पट’ करून देणाऱ्याला हे तीन प्रश्न विचारावेत. त्याच्याकडून सरळ उत्तरे आली नाहीत, तर आपला खिसा बंद ठेवावा, हेच बरे.